बकरी, मी आणि सौंसरचा रेडर

आमच्या बाबांनी टीमला कधी कशाला नाही म्हटलं नाही, आणि मला भीती होती ती त्याचीच.

टीम म्हणजे पांढुर्ण्यातल्या आमच्या वस्तीची कबड्डीची टीम. बाबा नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर नोकरीला, पण जीव सगळा बुद्धविहारामागच्या मैदानात. घरातली एखादी वस्तू टीमला लागली की ती गेलीच समजा. आधी बादली गेली, मग कंदील, मग आईची कोरी सतरंजी. शेवटी बकरी गेली. तिला मी बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. चढाईत नावाजलेला सौंसरचा एक रेडर आमच्याकडून एक सामना खेळायला आला आणि बाबा म्हणाले, "पाव्हना हाय, त्याले का वरण-भात घालू?" झालं! पाव्हण्यानं सामना जिंकून दिला, रस्सा ओरपला आणि सौंसरच्या बसमध्ये बसून निघून गेला. मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानात आलेलंही दिसलं नाही.

दिल्लीत एशियाड होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. त्या हिवाळ्यात आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी एकच विषय: सौंसरचा रेडर कायमचा आपल्याकडे आणायचा कसा? संत्र्याच्या रिकाम्या पेट्या उलट्या टाकून दहा-बाराजण बसत. मी आत चहा मांडत असे आणि सगळं ऐकत असे.

"त्याच्या बदल्यात आपले दोन कॅचर देऊन टाका."

"पागल झाला काय बे? मंग पकड का तुह्या सासऱ्यानं कराव?"

"अबे, थो एकटा पाच गड्यांचा खेळ करते!"

"वय पाह्य ना त्याचं. दोन सालात दम संपते अशा खेळाडूचा."

बाजारात बैल पाहावा तसा माणूस पाहत होते. मला हसू यायचं, खोटं कशाला सांगू. एक दिवस मात्र सावरगावचे म्हातारे काका, जे नदी ओलांडून रोज फक्त वाद घालायला येत, ते म्हणाले, "खेळाडू कायले देता? जावई करून घ्या. जावई फुकटात येते आन् जलमभर राह्यते."

सगळे खो खो हसले. मग हसणं थांबलं. ते थांबणं मी चुलीजवळ ऐकलं.

"भौ, तुमची पोट्टी अकरावी झाली ना?" कोणीतरी बाबांना विचारलं.

चहा उतू गेला. मला तो उतरवायचंही भान राहिलं नाही. छिंदवाड्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता, जुलैत जायचं होतं. बाबा ओट्यावरून काय म्हणतात म्हणून मी कान लावला. बाबा म्हणाले, "पाहू."

माय वं! बकरीच्या वेळीही ते आधी "पाहू"च म्हणाले होते.

आईकडे रडले, तर ती म्हणाली, "टीमसमोर तुह्या बाबाच्या तोंडून 'नाही' निघते काय कधी?" त्यानंतर मला धड झोप लागेना. ओट्यावर पेटी सरकल्याचा आवाज आला तरी मी दाराआड जाऊन कान लावायचे.

पुढच्या रविवारी रेडर मला पाहायला आला. सोबत त्याचे मामा आणि एक शेजारी. आमची अर्धी टीम दाराशी गोळा. गंमत अशी की पाहायचं होतं मला, पण सगळे पाहत होते त्याच्या पायांकडे. "पोटऱ्या पाह्य बे," एकजण हळूच म्हणाला. मी पोह्यांची बशी घेऊन गेले.

बशी ठेवायला वाकले तेव्हा दिसलं. तो घरातल्या जुन्या सतरंजीवर मांडी घालून बसलाच नव्हता. उजवा पाय सरळ पुढे सोडलेला, वर उपरणं टाकलेलं. उपरणं जरा सरकलं होतं आणि गुडघा कवठाएवढा सुजला होता. मी वर पाहिलं. त्यानं मला पाहताना पाहिलं होतं. त्याचा चेहरा पांढराफट्ट पडला. माझ्या घरात मला कोणी घाबरलं असेल तर तो पहिला माणूस.

हात धुवायला तो मागच्या अंगणात आला. मी तांब्यानं पाणी घालत होते.

"ताई," तो पुटपुटला, "सांगू नका कोणाले. मंडीत पेट्या उचलतो मी. ठेकेदारानं खेळतो म्हणून ठेवलं हाय. खेळ गेला तं कामबी जाते."

मुलगी पाहायला आलेला पोरगा मुलीलाच ताई म्हणतो! पण हसायची माझी छाती नव्हती.

"मंग तुम्हीच नाही म्हणा ना," मी म्हटलं.

"मी म्हटलं तं कावून म्हणून इचारतीन, गुडघा पाह्यतीन. तुम्ही म्हणा."

आता सगळं माझ्या माथ्यावर. आत गेले तर सगळे माझ्याकडे पाहत होते. बाबांनी विचारलं, "काय म्हणतं, माय?" मी भिंत धरून उभी राहिले आणि म्हणाले, "मले छिंदवाड्याले जायचं हाय."

दारातून आवाज आला, "पोट्टीले काय समजते? असा रेडर भेटते काय?" बाबा टीमकडे न पाहता म्हणाले, "थे नाही म्हणते ना. मंग नाही."

महिन्याभरानं तिगावच्या सामन्यात चढाई करताना रेडर कोसळला. गुडघा कामातूनच गेला. त्या संध्याकाळी ओट्यावर तेच लोक, त्याच पेट्या. "बरं झालं आपण नाही घेतला," म्हातारे काका म्हणाले. "आता त्याच्या बदल्यात कोणी बकरीबी नाही देणार." सगळे हसले. मला मात्र आत चुलीपाशी बसूनही थंडी वाजली. त्याचं काम राहिलं की गेलं, कोणी विचारलं नाही. ओट्यावर एकटे बाबा हसले नव्हते.

जुलैत जायच्या दिवशी माझे कपडे बोचक्यात बांधले होते, घरात कपड्यांची पेटी नव्हती. बाबा मैदानाकडून आले ते खांद्यावर टीमची पत्र्याची पेटी घेऊन. बनियनं काढून टाकलेली, आत अजून घामाचा आणि मालिशच्या तेलाचा वास. त्यांनी माझे कपडे आपल्या हातानं आत रचले.

"टीमले लागंन ना, बाबा," मी भीत भीत म्हटलं.

"लागू दे," बाबा म्हणाले. "बकरी तं नाही आणता येत वापस."