दळवीकाकांच्या गाडीचा खरवडलेला शिक्का

दळवीकाकांनी बेकरीच्या कागदी पिशवीतून नंबरप्लेट काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. प्लेटवर जिथे सरकारी शिक्क्याचा गोल स्टिकर असतो, तिथे नुसता ओरखडा होता.

"सकाळी एक सरकारी माणूस आला. गॅरेज उघडायला लावलं, शिक्का खरवडला आणि गेला. म्हणाला, गाडीला विमा नाही. आल्झो... तर मग, तुम्ही मला तो नंबर द्या, बाई."

मी रेगेन्सबर्गमध्ये विम्याची एजंट आहे. काकांना हवा होता तो नंबर म्हणजे ईव्हीबी. हा एक छोटा कोड असतो. या गाडीला विमा आहे, असं विमा कंपनीने दिलेलं वचनच समजा. त्सुलासुंग्सश्टेले, म्हणजे इथलं आरटीओ, हा कोड कॉम्प्युटरवर तपासतं आणि प्लेटवर नवा शिक्का मारतं. शिक्का नसेल तर गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही. विम्याशिवाय चालवणं इथे गुन्हा आहे, लायसन्सवर गदा येते. नशीब, काकांनी हिवाळाभर गाडी हलवली नव्हती.

कोड काढणं सोपं असतं. माहिती भरता भरता मी विचारलं, "काका, जुना विमा बंद कसा झाला?"

"मला काय माहीत? मी नाही केला."

त्यांच्यासमोरच जुन्या कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, नोव्हेंबरात रीतसर रद्द झालाय. मुलीने केलाय, तिच्याकडे वडिलांची फोलमाख्ट आहे. म्हणजे मुखत्यारपत्र. स्पीकर चालू होता. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

दळवीकाका मूळचे इचलकरंजीचे. विणकामाच्या यंत्रांचे इंजिनिअर म्हणून तरुणपणी इकडे आले, रेनाटेशी लग्न केलं आणि राहिले. रेनाटे जाऊन आता काही वर्षं झाली. एकुलती एक मुलगी मीरा न्यूरेम्बर्गला शिक्षिका आहे. टपाल, बँक, डॉक्टर सगळं तीच बघते.

"तिला भीती वाटत असेल तुम्ही गाडी चालवता त्याची," मी म्हटलं. "कुठे जाता तुम्ही?"

"ब्रेड आणायला."

"काका."

ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उंटरश्लाइसहाइमला."

हायवेने तासाभरावरचं गाव. तिथे उन्हाळ्यात रविवारी आपली आयटीतली मंडळी क्रिकेट खेळतात. काका एकदा चुकून त्या मैदानाशी थांबले होते. तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी जायचे. पार्किंगच्या टोकाला गाडी लावायची, काचा खाली करायच्या आणि बसायचं.

"खाली नाही उतरत?"

"उतरलो की संपलं. लगेच खुर्ची देतात. 'अंकल, कधी आलात जर्मनीला?' विचारतात. इथल्या गणपतीत होतं ना तसं. माझ्याशी बोलतात ते मराठी वेगळं, बाई. मला त्यांचं आपसातलं भांडण ऐकायचं असतं. कुणी भाजीत मीठ विसरलं, कुणाची सासू येणारे, कोण आउट होतं आणि कोण नव्हतं. घरात मागच्या खोलीत पडून ऐकावं तसं." मांडीवरची टोपी फिरवत म्हणाले, "रेनाटे गेल्यावर घरात जर्मनसुद्धा कुणी बोलत नाही."

माझा मुलगाही मी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देतो. पण समोर ग्राहक होता, मी अर्जाकडे वळले.

कायद्याने मी कोड देऊ शकत होते. गाडी त्यांची, लायसन्स चालू. पण मुलीने बंद केलेलं तिच्या पाठीमागे उघडायचं माझ्या मनाला येईना.

"मीराला सांगा हे."

"काय सांगू? तिला मराठी येत नाही. शिकवायचं राहूनच गेलं. तिला हे वेड वाटेल."

"मग मी सांगते."

शनिवारी मीरा काकांना घेऊन ऑफिसात आली. उंच, दमलेली, पन्नाशीची बाई. बसायच्या आत जर्मनमध्ये बोलायला लागली.

"मी गाडी तपासणीला नेली तेव्हा मीटर पाहिला. विचारलं तर म्हणतात, ब्रेड आणायला गेलो. एवढे किलोमीटर? ब्रेडला? मला वाटलं, ते वाट चुकतात आणि लपवतात. माझ्या मैत्रिणीच्या आईचं असंच सुरू झालं होतं. त्यांच्या हातातून किल्ली काढून घ्यायचं धाडस नव्हतं मला. म्हणून विमा बंद केला."

मी उंटरश्लाइसहाइमचं सांगितलं. तिने वडिलांकडे पाहिलं. काका टोपीची कड चाचपत होते.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"तू 'का' विचारलं असतंस," काका जर्मनमध्ये म्हणाले. "त्याचं उत्तर मला जर्मनमध्ये देता आलं नसतं."

मी माझ्या कामाचं बोलले. इथे म्हाताऱ्या ड्रायव्हरांसाठी एक सोय आहे. ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्षक शेजारी बसतो, गाडी चालवून घेतो आणि खरं काय ते सांगतो. निकाल कुठल्याही ऑफिसात जात नाही. दोघांनी मान्य केलं.

शिक्षकाने स्पष्ट सांगितलं. गावात हात उत्तम. आउटोबानवर, म्हणजे हायवेवर, मात्र नको. मागचं बघायला मान वळत नाही, वेगातल्या रांगेत गाडी उशिरा आत घेतात.

"गेनाऊ, बरोबर," काका म्हणाले. "मान नाहीच वळत." वाद घातला नाही. किल्ली मात्र बराच वेळ मुठीत धरून बसले.

मग मी नवीन पॉलिसी केली. ड्रायव्हर दोन, काका आणि मीरा. कोड दिला. मीराच त्यांना घेऊन त्सुलासुंग्सश्टेलेला गेली आणि नवा शिक्का लागला.

मे महिन्यात मीराचा फोन आला. कामाचं काही नव्हतं. रविवारी ती त्यांना तिकडे घेऊन गेली होती. दुपारभर शेजारी बसून राहिली, तिला एक अक्षर कळलं नाही. उतरू या का, विचारलं, तर ते नको म्हणाले.

"येताना अर्ध्या वाटेवरच्या होलेडाऊपर्यंत बाबा गप्प होते," ती म्हणाली. "मग एकदम बोलायला लागले. मराठीत. मला कळत नाही हे विसरलेच होते बहुतेक. घरापर्यंत बोलत होते."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सावकाश चालवली."

विम्याच्या अर्जात गाडी कुठे उभी असते, वर्षाला किती चालते, कोण चालवतं, सगळं विचारतात. कुठे जायचंय, हे विचारत नाहीत. वय झालेल्या ग्राहकांना मी ते आता आपणहून विचारते. बहुतेक जण म्हणतात, ब्रेड आणायला. मी पेन खाली ठेवते आणि थांबते.