पितळी चिलखतातली वहिनी

रागावण्याच्या बाबतीत आमच्या वहिनीची बरोबरी करील असं माणूस वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर सापडायचं नाही. इतरांना राग येतो आणि जातो. वहिनीचा राग घरच्या माणसासारखा घरात राहतो. सकाळी तिच्यासोबत चहा पितो, दुपारी जरा लवंडतो आणि दिवेलागणीला ताजातवाना होऊन पुन्हा ओसरीवर येऊन बसतो. मात्र हा राग भलत्यासलत्या गोष्टींवर खर्च होत नाही. दूध उतू गेलं, सासूनं टोमणा मारला, माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सांगितलेलं सामान विसरून भलतंच आणलं, तर ती नुसती हसते. पण कुणी कुणाच्या अंगाला नाव ठेवलं, कुणाला जाडी, काळी, सुकटी, बुटकी म्हटलं, की वहिनी पदर खोचते, आणि मग समोर कितीही मोठा साहेब असो की तिची सख्खी आत्या, सुटका नाही.

याचं कारण तिच्या धंद्यात आहे असं मला पूर्वी वाटायचं. मोहाडीच्या आमच्या घरात मागच्या खोलीत भावाचा हातमाग चालतो आणि पुढच्या खोलीत वहिनीचं शिलाई मशीन. मी भंडाऱ्याला एका शाळेत मराठी शिकवतो, पण सुट्टीच्या दिवशी घरी असलो की पुढच्या खोलीतलं सगळं ऐकू येतं. टेप अंगाला लागायच्या आत बाई आधी माफी मागते. "मी लय जाडी झाली ना जी." "माझे दंड पाहू नका, बाही लांबच ठेवा." वीस-बावीस वर्षं हे ऐकून वहिनीनं शेवटी नियमच केला, की माझ्या टेपसमोर आंगाले शिव्या द्यायच्या नाहीत. ज्या द्यायच्या त्या बाहेर चप्पल काढतो तिथं देऊन यायच्या. एकदा तुमसरहून एक बाई होणाऱ्या सुनेला घेऊन आली आणि म्हणाली, "ब्लाऊज दोन इंच घट्टच शिवा, म्हंजे लग्नापर्यंत पोरगी बारीक होईन." वहिनीनं कात्री खाली ठेवली. "असं करा जी, कपडा घरी न्या अन् पोरगीच इथं ठेवून जा. तिलेच कापते दोन इंच." ती बाई कपडा उचलून तरातरा निघून गेली. चार दिवसांनी ती पोरगी एकटीच आली आणि हवा तसा सैल ब्लाऊज शिवून घेऊन गेली.

भंडाऱ्याला तिच्यासोबत कापडाच्या दुकानात जाणं मी टाळतो. एका मोठ्या दुकानात दारातच प्लास्टिकची बाहुली उभी होती, अंगावर चापूनचोपून बसलेला ड्रेस. वहिनी सरळ बाहुलीच्या मागे गेली आणि तिनं पाठीवर लावलेल्या सगळ्या टाचण्या एकेक करून काढल्या. ड्रेस भसकन सैल झाला. "पाहा!" ती दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा ड्रेस हिलेबी होत नाही. मागून टाचण्या मारून उभी केली. अन् आमच्या पोट्ट्या घरी जाऊन आरशापुढं रडतात!" मालक धावत आला, मी शेजारच्या भांड्यांच्या दुकानात शिरलो आणि गरज नसताना एक तांब्या विकत घेतला.

अशा या वहिनीच्या आयुष्यात कॉस्प्ले आला तो तिच्या मुलीमुळे. माझी ही पुतणी नागपूरला शिकते. जपानी कार्टूनचं वेड असलेली मुलं-मुली आपापल्या लाडक्या पात्राचा हुबेहूब पोशाख घालून एकत्र जमतात, त्याला कॉस्प्ले म्हणतात, हे तिनं आम्हाला समजावून सांगितलं आणि मैत्रिणीसाठी तसला एक झगा आईकडून शिवून मागितला. वहिनी म्हणाली, चित्रात गळा नीट दिसत नाही, गोष्टच दाखव. मग त्या एका गळ्यासाठी वहिनीनं मोबाईलवर ती सबंध मालिका पाहिली, सगळे भाग. झगा शिवून कधीच नागपूरला गेला, तरी वहिनीचं पाहणं सुरूच. त्यात एक सेनापतीण होती. एकटी भाला घेऊन किल्ला राखते, कुणाचं ऐकत नाही, आणि अन्याय दिसला की असली भडकते की डोंगराला भेगा पडतात. वहिनीला पहिल्यांदाच आपल्या तोडीचं कुणी भेटलं होतं. तक्रार एकच होती, ती मला, धाकट्या दिराला, ऐकवायची. "हिची कंबर पाहा, बाबू. हातात एवढा भाला अन् कंबर दोडक्याएवढी. हिचं जेवण जाते कुठं? काढणाऱ्यानं बाई कधी पाह्यली नसन."

आणि एके दिवशी जेवताना तिनं जाहीर केलं की पुढच्या मेळाव्यात सेनापतीण आपण होणार. वय सेहेचाळीस. आई म्हणाली, "लोकं हासतीन." भाऊ जरा विचार करून म्हणाला, "लाल कोसा रेशीम उरलं हाये दोन वार, पाठीवर सोडायले त्याची झूल कर." एवढ्यावर घरातली चर्चा संपली.

चिलखतासाठी आम्ही भंडाऱ्याच्या एका म्हाताऱ्या पितळकाम करणाऱ्याकडे गेलो. दोन जुन्या पराती ठोकून त्यांचं छाती-पोटाचं कवच करायचं होतं. म्हातारा माप घ्यायला लाजू लागला, तेव्हा वहिनीनं स्वतःच टेप लावला आणि भर रस्त्यावर मोठ्यानं सांगितलं, "छाती शेहेचाळीस, पोट अठ्ठेचाळीस. लिवा." समोरच्या दुकानातला माणूस भांडं घासता घासता थांबला. म्हातारा हळूच म्हणाला, "बाई, पोटापाशी जरा आत ठोकून देऊ का? बारीक दिसान."

वहिनीनं शेजारच्या पितळी घड्याकडे बोट केलं. "या गुंडीले विचारता का तुमी असं? तिचं पोट ठोकता का आत?"

"गुंडीत पानी मावले पायजे ना जी."

"माझ्यातबी जेवण मावले पायजे!"

म्हातारा पोट धरून हसला आणि मग त्यानं असं कवच केलं की काय सांगू. काठावर बारीक वेलबुट्टी, पोटावर सूर्य. वहिनी ते घालून आमच्या अंगणात उभी राहिली तेव्हा आईनंसुद्धा हसायचं सोडून तिची दृष्ट काढली.

पुतणीची नेमकी परीक्षा होती, म्हणून नागपूरच्या मेळाव्याला ढाल धरायला मी गेलो होतो. दारावर एका पोरीनं वहिनीला, "काकू, पालकांच्या खुर्च्या त्या बाजूला," असं सांगितलं, तिथंच माझं डोकं तापायला लागलं होतं. वहिनी मात्र खुशीत होती. तिचं नाव पुकारलं गेलं, ती भाला टेकत रंगमंचावर गेली आणि मध्यभागी उभी राहिली. निवेदक कॉलेजातला पोरगा होता, मोठ्या दंडांचा, कुठल्याशा योद्ध्याच्या वेशातला. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो माईकमध्ये म्हणाला, "बाप रे! आपली सेनापती किल्ला राखता राखता स्वतःच किल्ला झाली!"

सगळं सभागृह हसलं. मी ढाल घट्ट धरली आणि वाट पाहू लागलो. आता वहिनी पदर नसला तरी काहीतरी खोचेल, आता हा पोरगा आयुष्यभर माईक धरणार नाही. पण वहिनी काहीच बोलली नाही. तिनं भाला उचलून ठरलेली मुद्रा केली, वाकून नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून आली. नागपूरपासून मोहाडीपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. घराच्या दारात पोचल्यावर तिनं मला विचारलं, "बाबू, मी खरंच तशी दिसत होती का रे?"

मला एवढा संताप आयुष्यात कधी आला नव्हता. मी आयोजकांना चार पानी पत्र लिहिलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये, पानाच्या टपरीवर, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, जो भेटेल त्याला मी ही हकीकत सांगत होतो. दुसऱ्याच्या अंगावर विनोद करणारी माणसं कोणत्या घरात वाढतात, यांना आईबहिणी नाहीत का, असं मी तावातावानं विचारायचो आणि ऐकणारे माना डोलवायचे. इकडे घरात वहिनीनं चिलखत पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं आणि धानाच्या मुलखात राहून भात निम्मा केला होता. मशीन चालू होतं, पण पुढच्या खोलीतून आवाज येत नव्हता.

एका रविवारी आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई मापासाठी आल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "मी लय जाडी झाली ना जी." मी मागच्या खोलीत कान टवकारले. वहिनी म्हणाली, "होते तसं. हात वर करा."

ताई माप न देताच बाहेर आल्या आणि मला गाठून भांडायलाच लागल्या. "तुमच्या वहिनीले काय झालं, भाऊ? त्या चिडल्या काहून नाहीत? मी त्याच्यासाठीच म्हटलं होतं! घरी सासू बोलते, नवरा बोलते, पोट्टेबी बोलतात. माझ्यासाठी कोणी चिडत होतं ते या एकाच घरात!"

त्यानंतर महिन्याभरानं तुमसरहून कॉलेजातली एक मुलगी पत्ता विचारत आली. गोल चेहऱ्याची, ठेंगणी, हातात कापडी पिशवी. पिशवीत एक निळा झगा होता, नवाकोरा. "हा मोठा करून देता का?" तिनं विचारलं. वहिनीनं झगा उलटून पाहिला, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा तुले बरोबर होते. मोठा कायले करायचा?"

"झाकलं पायजे ना सगळं," मुलगी म्हणाली. "मी नागपूरच्या मेळाव्यात होती, काकू. माझं नाव तुमच्यानंतर होतं. तुमाले हासले, म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन बसली. झगा घातलाच नाही."

वहिनीनं झगा मशीनवर ठेवला. आणि मग, तब्बल चार महिन्यांनंतर, पुढच्या खोलीत वहिनी कडाडली. "हासले मले, अन् लपली तू? अन् मी मूर्ख, काही न बोलता खाली उतरली! मी तिथं दोन शब्द बोलली असती तं ही पोट्टी बाथरूममध्ये बसली असती का? बाबू, माळ्यावरून ते पोतं काढ!" मी शिडी आणायला धावलो. भावानं आतला माग थांबवला आणि आईला सांगितलं, "आज भात जास्त टाकजो." त्या मुलीला वहिनीनं जेवायला बसवलं आणि वाढताना ती पूर्ण वेळ रागावत राहिली. मुलगी रडत होती, हसत होती आणि जेवत होती.

पुढच्या वर्षीही पुतणीची परीक्षा आडवी आली, आम्ही तिघं गेलो. वहिनी, निळ्या झग्यातली मुलगी आणि मी. मुलीचा झगा अर्ध्या बोटानंही मोठा केलेला नव्हता. वहिनीनं निवेदकासाठी उत्तर तयार केलं होतं. वर्षभर तिनं ते इतकं घासूनपुसून ठेवलं होतं की ऐकूनच माझ्या अंगावर काटा यायचा. निवेदक तोच होता. मला आनंद झाला. पण वहिनी पडद्याआड उभी असताना तो घाईघाईनं तिच्या शेजारून गेला आणि तिनं त्याला दंडाला धरून थांबवलं. मी सरसावलो. वहिनी म्हणाली, "अरे, तुझा दंड कोपरापाशी आला."

तो मोठा दंड स्पंजचा होता. शिवण उसवून तो खाली घसरला होता आणि वर राहिला होता तो खरा हात, माझ्या हाताहूनही बारीक. पोरगा लालेलाल झाला आणि दुसऱ्या हातानं ते झाकू लागला. "काकू, प्लीज, कोणाला सांगू नका," तो पुटपुटला. वहिनीनं कमरेच्या पिशवीतून सुईदोरा काढला, त्याला कोपऱ्यात उभं केलं आणि टाके घालता घालता झापू लागली. "असे हात हायेत तं हायेत. याच हातानं जेवते ना? स्पंज लावायचा तं लाव, हौशीनं लाव, पण लाजून कायले लावते? हलू नको, सुई टोचन." पोरगा खाली मान घालून ऐकत होता. मग तो रंगमंचावर गेला आणि वहिनीचं नाव पुकारण्यापलीकडे एक शब्द बोलला नाही. वहिनीनंही तयार उत्तर तसंच ठेवून दिलं. तिच्यानंतर निळ्या झग्यातली मुलगी गेली. ती थेट मध्यभागापर्यंत गेली आणि ठरल्यापेक्षा जरा जास्तच वेळ तिथं उभी राहिली. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

परतीच्या बसमध्ये मुलगी पुढच्या सीटवर आपले फोटो पाहण्यात दंग होती. बाहेर ऊन कलत होतं, शेताच्या बांधीतला धान पिवळा पडला होता. मी मात्र धुमसत होतो. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते झालंच नव्हतं. "वहिनी, त्याला तू सोडलंस कसं?" मी शेवटी म्हणालो. "एवढ्या लोकांसमोर तो तुला किल्ला म्हणाला. आणि तू त्याचे कपडे शिवून दिलेस?"

वहिनीनं चिलखत मांडीवर ओढून घेतलं. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, बाबू, मी अंगणात उभी होती. तू सहावीत होता. तुझ्या दोस्तायले घेऊन आला अन् म्हटलं, पाहा, आमच्या घरी धानाची कणगी आणली. सारी गल्ली हासली. तुझी मायबी हासली."

मला आठवत नव्हतं. मग हळूहळू आठवलं. ते अंगण, तिची हिरवी साडी, मी केलेला विनोद, आणि एवढी माणसं आपल्या विनोदाला हसली म्हणून दिवसभर मला वाटलेला अभिमान.

"त्या रोजी मी जेवली नाही," वहिनी म्हणाली. "मंग दुसऱ्या दिवशी तू शाळेतून आला, तुझ्या शर्टाचं बटन तुटलं होतं. ते लावून दिलं. लहान होता रे तू."

चोवीस वर्षांनी काय म्हणतात ते मला, मराठीच्या मास्तरला, सुचेना. मी शब्द जुळवेपर्यंत बस वरठीच्या पुढे गेली होती आणि दिवसभर उभं राहून थकलेली वहिनी, चिलखत मांडीवर घेऊन, माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. मोहाडी यायला अजून थोडा वेळ होता. मी खांदा हलवला नाही.