समूच्या भीतीवरची गोळी

"तुमच्या मुलीला राग येत नाही. तिला भीती वाटते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

जालन्यात मस्तगडच्या अलीकडे एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं क्लिनिक होतं. लहान मुलांच्या मनाच्या आजारांच्या त्या डॉक्टर, संभाजीनगरहून ठरलेल्या वारी यायच्या. समू, म्हणजे आमची समृद्धी, त्या वेळी त्यांच्या टेबलाखाली शिरून बसली होती. कान खांद्यात दाबलेले, मनगट दातांत. माझी बायको रेखा तिच्याशेजारी फरशीवर. खुर्चीत मी एकटाच होतो.

"ह्याला अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात," बाई सांगत होत्या. "भीतीचा आजार. समोर धोका नसला तरी शरीर धोका आल्यासारखं वागतं. छाती धडधडते, पोटात ढवळतं, पळून जावंसं वाटतं. आपण ते बोलून दाखवतो. तिला ते सांगता येत नाही, म्हणून ती चावते."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटली ती चीड. इतकी वर्षं ज्यांच्या ज्यांच्या दारात गेलो, त्यांतल्या एकालाही हे का दिसलं नाही?

समू तेव्हा बारा वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे आणि बौद्धिक अक्षमता आहे, हे ती लहान असतानाच कळलं होतं. ऑटिझम म्हणजे आवाज, उजेड, माणसं, सवयी हे सगळं तिच्या मेंदूत वेगळ्या तऱ्हेनं पोचतं. बौद्धिक अक्षमता म्हणजे शिकण्याचा वेग फार कमी. घरातले दोनचार सुटे शब्द, एवढंच तिचं बोलणं. ते आम्ही पचवलं होतं. पण त्यानंतर एक घोळ झाला. तिला काहीही झालं, की लोक त्या दोन शब्दांकडे बोट दाखवून मोकळे व्हायचे. जेवत नाही, ऑटिझम. सकाळी उलट्या करते, ऑटिझम. पापण्यांचे केस उपटते, "अशी मुलं असंच करतात हो." अशी मुलं! त्यांना जणू दुसरा आजार व्हायची परवानगीच नाही.

दोनेक वर्षांत तिचं बाहेर जाणं बंद पडत गेलं होतं. चप्पल दिसली की ती दाराची चौकट दोन्ही हातांनी धरायची. शाळेत न्यायला जीप यायच्या आधी उलटी. ओढून नेलं की मनगटाला चावा. जिथे चावायची तिथली कातडी जाड, काळी पडली होती.

आमच्याकडून जीपनं जाता येईल अशी विशेष मुलांची एक शाळा होती, तिथे ती जायची. तिथले मुख्याध्यापक एक दिवस मला म्हणाले, "तुम्ही तर मेडिकलवाले. एखादी शांत बसायची गोळी चालू करा न् मंग पाठवा. बाकीच्या पोरांना त्रास होऊन राह्यला."

माझं वाटूरला मेडिकल आहे. डी. फार्मसी करून मी हे दुकान टाकलं. पण गोळी माझ्या मनानं द्यायची नव्हती, म्हणून आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समूकडे मान वर करून पाहिलंही नाही. मी सांगत होतो, ते लिहीत होते. चिडचिड कमी करायचं रिस्पेरिडोन दिलं. काही मुलांना ह्या औषधाचा उपयोग होतो, मी ते नाकारत नाही. समूला मात्र नुसती झोप यायची. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, भूक भागायची नाही, अंग सुजल्यासारखं झालं. ताट वाजवून ती स्वतःशी गुणगुणायची, ते बंद झालं.

शाळा खूश होती. "आता एकदम बराबर बसते," मुख्याध्यापक म्हणाले.

आम्ही खूश नव्हतो, म्हणून मस्तगडच्या बाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्या भेटीत गोळीचं नावच काढलं नाही. त्या विचारत राहिल्या, "चावते त्याच्या आधी काय होतं? त्याच्या आधी?" आम्हाला मोबाइलवर तिचे व्हिडिओ काढायला लावले. दात तपासून घेतले, कान तपासून घेतले, पोटाची सोनोग्राफी, थायरॉइड. "ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही, त्याचं दुखणं आधी शोधायचं असतं," त्या म्हणाल्या. सगळं ठीक निघाल्यावरच त्यांनी निदान सांगितलं. जुनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली, शाळाही तेवढ्यापुरती थांबवली. घरात दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावायला सांगितला, आधी अंघोळ, मग नाश्ता, मग दुकान. भीती वाटली की हात छातीवर ठेवायचा, हे शिकवायला सांगितलं. रेखा ते रोज शिकवायची. स्वतः छातीवर हात ठेवून म्हणायची, "भ्या वाटतं." समू दुसरीकडे बघायची.

बरेच आठवडे गेले. फरक पडला, पण थोडाच. मग बाई म्हणाल्या, "भीती इतकी आहे की शिकवलेलं आतपर्यंत पोचतच नाही. मी फ्लुओक्सेटीन सुचवते. ह्यानं ती गुंगणार नाही, भीतीची पातळी खाली येऊ शकते. पण अशा मुलांवर ह्या औषधाचा अभ्यास कमी झालाय. चालेल अशी खात्री मी देणार नाही. अगदी कमी डोसवर सुरू करू. विचार करून सांगा."

हा विचार आम्ही कसा केला ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आज तिथेच अडकलेलं असेल.

ते औषध माझ्या दुकानात फळीवर होतं. मी ते रोज विकत होतो. त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, की काही लहान मुलांच्या आणि तरुणांच्या मनात सुरुवातीला मरणाचे विचार येऊ शकतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. गिऱ्हाईकाला हे सांगणं सोपं असतं. पण माझ्या पोरीला पोट दुखतं एवढंही सांगता येत नाही. तसा विचार आलाच, तर ती तो कुठल्या शब्दांत सांगणार होती? मी कशावर लक्ष ठेवणार होतो?

बाईंना मी हे विचारलं. त्यांनी उगाच धीर दिला नाही. "शब्द नसतील, तर झोप बघा, खाणं बघा, चेहरा बघा. एकाएकी अस्वस्थ झाली, स्वतःला जास्त इजा करायला लागली, तर लगेच फोन करा. गोळी मनानं बंद करू नका."

गावात बातमी कशी फुटली कोण जाणे. माझे चुलते भगवान काका दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. "गजू, पोरीला पागलाच्या गोळ्या चालू करून राह्यला म्हणं? आधीच तिचं तसं. अजून डोकं खराब करतो का? देवाचं बघ काहीतरी."

काकांच्या स्वतःच्या घरात अशीच एक गोळी रोज घेतली जाते. माझ्याच दुकानातून जाते, कागदात गुंडाळून. कोण घेतं ते मी सांगणार नाही, दुकानदारानं सांगायचं नसतं. त्या दिवशी जिभेवर आलं होतं. गिळलं. आमच्याकडे शुगरची गोळी माणूस चार लोकांत चहाबरोबर घेतो, आणि मनाच्या गोळीसाठी दुकानात कुणी नसायची वाट बघतो. त्यातही स्वतःसाठी ती औषध असते, दुसऱ्याच्या पोरीसाठी पागलपणा.

रेखा माझ्यासारखी अडकली नव्हती. एका सकाळी समूची उलटी पुसताना ती म्हणाली, "अहो, तुम्ही कागद वाचून राह्यले. ती इथं रोज मरणाला भिऊन राह्यली. गोळीचं भ्या तुम्हाला हाय. तिचं भ्या कोण बघणार?"

"काही उलटं झालं तर?"

"मंग डॉक्टरीणबाईला फोन करू. आत्ता सुलटं काय चाललंय?"

मी माहितीपत्रक घडी घालून ठेवलं. आम्ही गोळी सुरू केली.

उलटंच झालं. पहिल्या काही दिवसांत समू घरभर फिरायला लागली. बसेना, झोपेना. मोठ्यानं हसायची, लगेच रडायची. नेहमीच्या जागेवर चावणं वाढलं. बाईंनी ह्याची कल्पना दिली होती. ह्याला ॲक्टिव्हेशन म्हणतात, औषधानं शरीर प्रमाणाबाहेर चाळवतं. कल्पना असणं वेगळं आणि आपल्या लेकराचं रक्ताळलेलं मनगट धुणं वेगळं. मी फोनवर बाईंना वाटेल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि समूला दुसऱ्या दिवशीच आणायला सांगितलं. तपासून त्यांनी डोस आणखी कमी केला. इतका कमी, की गोळीचे तेवढे बारीक तुकडे होईनात. मग पातळ औषध शोधावं लागलं. मी मेडिकलवाला असून ते मिळवायला मला जालन्यात दुकानंदुकानं फिरावं लागलं. माझ्या जागी जाफराबादकडच्या एखाद्या खेड्यातली आई असती, तर तिनं काय केलं असतं?

मग पुष्कळ दिवस काहीच झालं नाही. हे आधी कुणी सांगत नाही. वाट बघणं हाच ह्या आजारातला सगळ्यात लांब भाग आहे.

आणि एका सकाळी समूनं चप्पल स्वतः घातली. उलटी झाली नाही. माझा हात धरून ती दुकानात आली आणि स्टुलावर बसली. समोर फाट्यावर ट्रकनं हॉर्न दिला. ती दचकली, मनगट तोंडाजवळ गेलं. पण चावली नाही. आधी तिच्या भीतीत आणि चाव्यात जागाच नसायची. आता एक श्वास मावेल एवढी झाली होती. औषधानं दिलं असेल तर एवढंच.

पुढे ते गुणगुणणंही परत आलं. आम्ही तिला पुन्हा शाळेत पाठवायच्या तयारीला लागलो. भिंतीवरच्या चित्रांत जीप लावली, शाळेचा फोटो लावला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुकानामागे औषधांची खोकी ठेवायची एक खोली आहे. रेखा त्या खोलीचं दार ओढून घेत होती, समू मागे उभी होती. दाराची कडी वाजली आणि समूनं हात छातीवर ठेवला. पहिल्यांदा, आपल्या आपण.

"भ्या वाटतं," ती म्हणाली.

रेखा खाली बसली. "कशाचं भ्या, बाळा?"

समू कडीकडे बघत राहिली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मावशी. कोंडती. अंधार."

शाळेत मुलांना सांभाळायला एक बाई होत्या, त्यांना सगळी मुलं मावशी म्हणायची. रेखानं घरी जाऊन भिंतीवरचा शाळेचा फोटो काढून आणला आणि विचारलं, "इथं?" समूनं तो फोटो घेतला आणि उलटा करून ठेवला.

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी मला चहा पाजला. "अहो, अशा मुलांच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवता? आणि तिला बोलता येतं का कधी?" मी सगळ्या खोल्या दाखवा म्हणालो. मागे एक सतरंज्यांची, सामानाची खोली होती. खिडकी नव्हती. मावशी दारात उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लई आरडायची हो. मंग थोडा वेळ ठेवायचो. शांत झाली की काढायचो. सरांनीच तसं सांगितलं व्हतं." मुख्याध्यापक एकदम पुढे झाले आणि त्यांनी मावशीला तिथून जायला सांगितलं.

आम्ही तक्रार केली. चौकशी चालू आहे असं सांगतात. ती चालूच आहे. शाळाही चालू आहे.

मी बाईंकडे गेलो तेव्हा माझा आवाज ताब्यात नव्हता. "म्हणजे आजार नव्हताच का? तिला कोंडत होते म्हणून ती भीत होती, आणि आपण तिलाच औषध पाजलं?"

बाईंनी समूची फाइल पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "शाळेबद्दल मी तुम्हाला विचारलं होतं, त्यांच्याकडून माहितीही मागवली होती. त्यांनी सगळं ठीक लिहिलं, मी त्यावर थांबले. ते माझं चुकलं. पण आजार होता. अशा मुलांना तो लवकर होतो, आणि तिला तर कारण मिळालं होतं. भीती इतकी वाढली होती, की कारण सांगायलाही ती जागा ठेवत नव्हती. औषध नसतं, तर ते तीन शब्द आले असते की नाही, मला माहीत नाही."

मलाही माहीत नाही. आजही नाही. आम्ही औषध चालू ठेवलं, शाळा कायमची सोडली. समू आता घरी शिकते, दुकानात बसते. भीती अजून येते. कधी छातीवर हात येतो, कधी दात येतात.

ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे त्यांना मी औषध द्या असंही म्हणणार नाही आणि देऊ नका असंही. तुमच्या लेकराला तपासल्याशिवाय लिहून देणाऱ्याकडून उठून या. गोळी कुणासाठी मागताय, तिच्यासाठी की वर्गाच्या शांततेसाठी, हे आधी स्वतःला विचारा. दिलीत तर डोळे उघडे ठेवा आणि लोकांचं ऐकू नका, ते पोरीला सांभाळायला येत नाहीत. आणि लेकरू कशाला भितं ते शोधणं थांबवू नका, गोळी लागू पडली तरीही.

आभार मानायची रीत आहे. मी डॉक्टरबाईंचे मानतो, कारण आपलं चुकलं असं तोंडावर सांगणाऱ्या तेवढ्याच निघाल्या. रेखाचे मानतो. त्या कडू पातळ औषधाचेही मानतो. बाकी कुणाचे मानायचे, हे शोधून पाहिलं. सापडलं नाही.