विमान हॅडलीला उतरलं

लोवेल कुबिचेक एकोणीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते. ही त्यांची फुशारकी नव्हती. युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचे, म्हणजे क्रेन्सचे, चाहते इंटरनेटवरच्या ज्या फोरमवर जमतात, तिथली माणसं तसं म्हणत. पुढच्या वर्षी क्रेन्सकडून कोण खेळणार हे लोवेलनी लिहिलं, की ते झाल्यात जमा असे.

ते पोस्टमन होते. नेब्रास्काच्या पश्चिमेकडच्या वाळूच्या टेकड्यांमधून रोज एकशे अठरा मैल, चौतीस वर्षं. दोन घरांमध्ये कधी सहा मैल पडत. गाडीतला रेडिओ हीच सोबत. मुलगी रेने क्रेन्सच्या टीममध्ये होती, दोन हंगाम, बहुतेक वेळ बाकावर. दोन हंगामांत मिळून अकरा मिनिटं खेळली. ती अकराच्या अकरा मिनिटं लोवेलना पाठ होती. रेने शिकून डेन्व्हरला गेली, खेळ विसरली. लोवेल विसरले नाहीत.

निवृत्त झाल्यावर ते हिवाळ्यात आठवड्यातून चार दिवस कुठल्या ना कुठल्या शाळेच्या जिममध्ये मुलींचे सामने बघत असत. सर्वांत वरच्या पायरीवर, टोपी मांडीवर ठेवून. कोण किती गुण करतं ते सगळेच पाहतात. लोवेल पाहत, की हरल्यावर पाण्याच्या बाटल्या कोण गोळा करतं. बाप ओरडला तर मुलगी त्याच्याकडे बघते की कोचकडे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सहा ओळी फोरमवर. वाचणारे चार हजार.

त्यांचा एक नियम होता. मुलींना फोन करायचा नाही, घरच्यांनाही नाही. सतरा वर्षांच्या पोरीला वीस अनोळखी माणसं विचारतात, की तू कुठे जाणार. एकविसावं आपण व्हायचं नाही. त्यामुळे त्यांना खुणांवरून ओळखावं लागे. सर्वांत मोठी खूण म्हणजे कोचचं विमान. युनिव्हर्सिटीचं ते लहान विमान कुठे आहे, हे कोणालाही कॉम्प्युटरवर दिसतं. शेपटीवरचा नंबर ठाऊक हवा, एवढंच.

त्या वर्षी सगळ्यांचे डोळे जोसी रास्मुसेनकडे होते. हॅडली गावची, सहा फूट दोन इंच उंच. कडक हातांची नाही, मऊ हातांची. पास तिच्या हातात पडला की आवाज येत नसे. दोन वर्षांपूर्वीच तिने क्रेन्सना तोंडी शब्द दिला होता. पण स्कॉलरशिपच्या कागदांवर सही नोव्हेंबरात होते, आणि सहीपर्यंत शब्द नुसता शब्दच असतो. दक्षिणेतल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीचे लोक तिच्या मागे लागलेत, अशी कुजबुज होती. फोरमवर माणसांची झोप उडाली होती.

सहीचा दिवस बुधवार. सोमवारी दुपारी दोनला विमान उडालं आणि चाळीस मिनिटांनी हॅडलीच्या धावपट्टीवर उतरलं.

लोवेलनी धावपट्टीवर इंधन भरणाऱ्या ड्वेनला फोन लावला. ड्वेन त्यांच्या जुन्या रूटवरचा.

"दोघं उतरले," ड्वेन म्हणाला. "एक तुझी कोचबाई. दुसरा उंच, चष्मा, हातात बॅग. पोरीच्या बापाने, कर्टने, पिकअपमधून नेलं दोघांना. का रे, लग्न ठरलं काय?"

"ठरल्यासारखंच आहे," लोवेल म्हणाले.

स्वयंपाकघरात अर्लिस, त्यांची बायको, भोपळ्याचा केक ओव्हनमध्ये सरकवत होती. "त्या पोरीने काय ठरवलंय, ते तिच्या आईबापाआधी तुला कळायलाच हवं का?"

"कोच सहीच्या दोन दिवस आधी स्वतः घरी जाते ती एकाच कामासाठी."

"असेल बाबा. मला काय कळतंय."

तीन वाजता त्यांनी लिहिलं. विमान हॅडलीला उतरलं. कोच आणि एक सहायक जोसीच्या घरी आहेत. काळजी सोडा, मुलगी आपली आहे.

सहायक हा शब्द त्यांचा स्वतःचा होता. ड्वेन तसं म्हणाला नव्हता.

साडेपाचला हॅडलीत रास्मुसेनांच्या घरासमोर गाड्या जमल्या. पंधरा-वीस असतील. कुणी शेजारच्या गावाहून आलेलं, कुणी साठ मैलांवरून. टीमच्या रंगाचे जांभळे स्कार्फ, जांभळ्या टोप्या. हॉर्न वाजवत होते. मेथडिस्ट चर्चच्या बायकांनी केक आणला. जोसी पोर्चवर आली. सगळ्यांना हात हलवला. हसली. एका लहान मुलीबरोबर फोटो काढू दिला. वीसेक मिनिटं तिथेच उभी होती. कुणीतरी तो व्हिडिओ फोरमवर टाकला. लोवेलनी तो दोनदा पाहिला आणि अर्लिसला बोलावून दाखवला.

अर्लिस म्हणाली, "हिचे आईबाप कुठे आहेत?"

लोवेलनी पुन्हा पाहिलं. पोर्चवर ती एकटीच होती.

मंगळवारी सकाळी सहाला फोन वाजला.

"लोवेल, मी कॅरी रास्मुसेन. जोसीची आई."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं, असं लोवेल पुढे एकदा म्हणाले.

"काल कोचबरोबर आले होते ते टीमचे डॉक्टर," कॅरी म्हणाली. "ऑक्टोबरात युनिव्हर्सिटीत गेलो होतो तेव्हा सगळ्या तपासण्या केल्या होत्या. तिच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय. खेळू नको म्हणतात. कुठेच नाही, शाळेतसुद्धा नाही. फोनवर सांगायचं नव्हतं म्हणून कोच स्वतः आल्या. आमच्याबरोबर रडल्या. त्या गेल्या आणि अर्ध्या तासात हॉर्न सुरू झाले."

लोवेल खुर्ची ओढून बसले.

"मी म्हटलं, कर्टला बाहेर पाठवते, लोकांना जायला सांगेल. जोसी म्हणाली, बाबा रडलेले दिसतात, मीच जाते."

"कॅरी, मी—"

"ऐका. पुढच्या सोमवारी ओमाहाला दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचंय. ते काय म्हणतील ते म्हणोत. तोवर कुणाला कळायला नको. तिच्या आजीलाही माहीत नाही, टीममधल्या मुलींनाही नाही. पुढे हे सांगायचं तर ती सांगेल. तुम्ही नाही, मी नाही. पण उद्या ती सही करणार नाही, आणि लोक शाळेत सहीच्या टेबलापाशी केक घेऊन उभे राहणार. ते तुम्ही थांबवा. कसं, ते मला माहीत नाही."

फोन ठेवल्यावर लोवेलनी अर्लिसला सगळं सांगितलं. तिने टेबलावरच्या कापडी रुमालाची घडी केली.

"चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाहिलीस," ती म्हणाली. "साधं पोस्टकार्ड उलटून वाचलं नाहीस कधी."

लोवेलनी आधी दोन ओळी लिहिल्या. माझी चूक झाली. जोसी बुधवारी सही करत नाहीये, कारण विचारू नका.

दहा मिनिटांत ऐंशी उत्तरं आली. लोक लोवेलवर चिडले नव्हते. जोसीवर चिडले होते. विकली गेली. दोन वर्षं झुलवलं आणि मोठ्या घरी निघाली. काल पोर्चवर हसत होती, केवढी नाटकी आहे बघा. एकाने कर्टच्या दुकानाचा फोन नंबर टाकला.

लोवेल ते वाचत बसले. खरं कारण त्यांच्याजवळ होतं. एका ओळीत सगळी तोंडं बंद झाली असती. सगळ्यांना लाज वाटली असती.

त्यांनी ती ओळ लिहिली नाही. दुसरंच लिहिलं.

त्यांनी लिहिलं, की जोसीने या बुधवारी सही करायचं कधी मान्यच केलं नव्हतं. तिला विचार करायला वेळ हवाय, हे मला आठवड्यापासून माहीत होतं. विमान दुसऱ्याच कामाने आलं होतं, तेही माहीत होतं. गर्दी जमली की पोरीवर दडपण येईल आणि ती सही करून टाकेल, म्हणून मी खोटी बातमी दिली. ती पोर्चवर आली ती केवळ सभ्यपणाने. ती कुठल्याही दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जात नाहीये. दोष सगळा माझा आहे. नंबर टाकणाऱ्याने तो काढावा.

अर्लिसने मागे उभं राहून वाचलं. "हे तू केलेलं नाहीस."

"हॉर्न माझेच होते," लोवेल म्हणाले आणि बटण दाबलं.

मग मात्र जे व्हायचं ते झालं. नंबर निघाला. पोरीचं नाव मागे पडलं आणि लोवेलचं पुढे आलं. म्हातारा सडला. एवढ्या वर्षांत आणखी काय काय रचलं असेल. शाळकरी मुलीवर दडपण आणणारा माणूस जिममध्ये बसतोच कसा. संध्याकाळपर्यंत फोरम चालवणाऱ्यांनी त्यांचं खातं बंद केलं. कॉफीच्या दुकानात डीन त्यांच्याबरोबर वीस वर्षं बसत आला होता. गुरुवारी तो आपला कप घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. जाताना म्हणाला, "आमच्या नातीचेही सामने बघायला येत होतास तू." लोवेलनी मान हलवली. त्यावर त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं.

ओमाहाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

डिसेंबरात शाळेच्या पहिल्या सामन्याआधी जोसीने माइक हातात घेतला आणि स्वतः सांगितलं. तीन वाक्यांत. जिममधले सगळे उभे राहिले. क्रेन्सच्या कोचनी स्कॉलरशिप कायम ठेवल्याचं कळवलं होतं. खेळणार नाही, पण शिकेल. त्यानंतर लोकांनी तारखा जुळवल्या आणि लोवेलनी दोष स्वतःवर का ओढवून घेतला, ते त्यांच्या लक्षात आलं. फोरमवरून माफीची पत्रं आली. खातं उघडून दिलं. डीन घरी आला, अंगणातूनच म्हणाला, "सांगायचं होतंस की लेका, निदान मला." लोवेल म्हणाले, "ये, कॉफी घे."

जानेवारीत ते हॅडलीच्या जिममध्ये गेले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच. जोसी गुणलेखकाच्या टेबलापाशी पेन्सिल घेऊन बसली होती. मध्यंतरात ती पायऱ्या चढून वर आली. सावकाश चढली. शेजारी बसली.

"मिस्टर कुबिचेक, तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलंत."

"त्याआधी खरं समजून लिहिलं होतं. ते जास्त वाईट होतं."

तिने खाली मैदानाकडे पाहिलं. धाकट्या मुली बास्केटवर नेम धरत होत्या.

"त्या दिवशी पोर्चवर," ती म्हणाली, "पहिली पाच मिनिटं मी मोजत होते, की कधी संपेल. मग ती लहान मुलगी आली. ती म्हणाली, तू टीव्हीवर दिसशील तेव्हा मी बघेन. मी हो म्हटलं. आणि मिस्टर कुबिचेक, तेव्हा मला ते खरंच वाटलं. हॉर्न वाजत होते, सगळे जांभळे. मला वाटलं, मी आहे टीममध्ये. दहा-पंधरा मिनिटं मी होते."

लोवेलनी मांडीवरची टोपी उलटी करून ठेवली.

"आई म्हणते, तुमच्यामुळे मला तिथे उभं राहावं लागलं. ते आहेच. पण माझ्याकडे तेवढंच आहे. त्याचं काय करायचं, मला कळत नाही."

"मलाही कळत नाही, जोसी," लोवेल म्हणाले.

शिट्टी वाजली. ती उठली, कठड्याला धरून खाली गेली आणि टेबलापाशी बसून तिने पुढचं पान उलटलं. दुसऱ्या अर्ध्या खेळात लोवेलनी कोणाकडे पाहिलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. फोरमवर त्यांचं खातं उघडं होतं. त्यांनी त्यावर पुन्हा एक ओळही लिहिली नाही.