दोन नंबरच्या रूममधला सर्च

दुबईशेजारच्या अजमानमधल्या आमच्या क्लिनिकमध्ये औषधांची माहिती देणारं ॲप आलं आणि वर्षभरात पेशंटपेक्षा आम्हा डॉक्टरांचेच किस्से जास्त साठले. एकेक ऐकून धक्का बसावा असे!

लॉगिन सगळ्यांना मिळून एकच. त्यामुळे कुठल्या रूममधून काय शोधलं, ते सगळ्यांना दिसतं. पहिल्याच आठवड्यात चार नंबरमधून सर्च होता, 'पुरुषांचे केस गळणे'. त्या रूममध्ये आमचे मॅनेजर बसतात. ते डॉक्टर नाहीत!

*

दुबईतल्या रास अल खोरच्या गाड्यांच्या वर्कशॉपमधला एक पेशंट. त्याच्यासमोरच मी ॲपवर डोस तपासला. तो ताडकन उठला.

"मॅडम, मोबाइल में तो हम भी देख लेते हैं."

आणि सरळ सप्रे सरांकडे गेला. सप्रे सर आमचे सीनियर, मूळचे पुण्याचे, बासष्ट वर्षांचे. सगळे डोस तोंडपाठ. ॲपला हात लावायचे नाहीत.

*

एकदा एका बाळाचा डोस मी ॲपवरून काढला आणि सहज सरांना सांगितला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वजन बाळाचं टाकलंस की आईचं?"

आईचं टाकलं होतं. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

*

मग मॅनेजरने फर्मान काढलं. ज्या रूममधून ॲप उघडलं जात नाही, त्या रूममधल्या डॉक्टरचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा खलास! सरांची मुलगी इथेच वाढलेली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिने बजावलं, "बाबा, जस्ट ओपन इट वन्स अ डे!" सर नुसते हसले. आम्हालाच घोर लागला होता.

*

गेल्या रविवारी ड्युटीवर आम्ही दोघंच डॉक्टर होतो. दुपारी मी सर्चची यादी उघडली, तर दोन नंबरमधून, म्हणजे सरांच्या रूममधून, सर्च! मला इतका आनंद झाला. चला, नोकरी वाचली.

नऊ वाजता, 'साठीनंतरचा विसराळूपणा, पहिली लक्षणं'. असेल कुणा पेशंटसाठी. साडेनऊला पुन्हा तेच. दहाला तेच. अकराला तेच, शब्द न् शब्द. सकाळपासून त्या रूममध्ये सर एकटेच होते, एकही पेशंट गेला नव्हता. मी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

तेवढ्यात दार उघडून सर आत आले, खुर्ची ओढून शेजारी बसले.

"अगं, ते ॲप कसं उघडायचं, दाखव बरं मला. अजून एकदाही उघडलेलं नाही मी."