कस्तुराबाईंनी कापलेली केबल

तळवड्याच्या रस्त्याला, वजनकाट्याच्या पलीकडे, एक पत्र्याची शेड आहे. बाहेर पाटी आहे, ‘कस्तुरा ऑटो इलेक्ट्रिक’. अक्षरं हातभर मोठी. तरीही गाडी घेऊन आलेला माणूस आत डोकावून एकच विचारतो, "मिस्त्री कुठायत?"

समोर स्टुलावर कस्तुराबाई बसलेल्या असतात. हातात टेस्टर, मांडीवर कुणाच्या तरी गाडीच्या वायरींचा गुंता. माणूस त्यांना ओलांडून कोपऱ्यात स्टोव्हवर चहा करणाऱ्या कोंडीरामभाऊंकडे जातो आणि आपला हेडलाइट का लागत नाही हे त्यांना सांगू लागतो. कोंडीरामभाऊ सगळं शांतपणे ऐकून घेतात. मग म्हणतात, "राव, मी आयुष्यभर गेटवर वॉचमन होतो. घरातला बल्ब बदलायलाही मला बायको लागते. तिला सांगा."

हे मी तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा विचारणारे आमचेच हे होते. तो विषय रोजच्या वहीतल्या एका पानात मावेना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कस्तुराबाई मूळच्या परभणीकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि चाकणच्या एका कंपनीत लागल्या. गाडीच्या अंगभर ज्या वायरी फिरतात, त्यांच्या जुड्या बांधायच्या लाइनवर. तिथे एकोणीस वर्षं काढली. दर सात महिन्यांनी कंत्राटाचा ब्रेक, मग पुन्हा नवीन कार्ड, आणि प्रत्येक कार्डावर ‘हेल्पर’. शेवटची अकरा वर्षं त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. प्रत्येक जोड हाताने ओढून बघायचा, निसटला नाही तर त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका त्यांचा, पण कागदावर सही सुपरवायझरची. डिप्लोमा करून आलेली पोरं पहिले तीन महिने त्यांच्याच शेजारी उभी राहून काम शिकायची आणि चौथ्या महिन्यात त्यांना "ए मावशी, पटपट" म्हणायची. मग एक दिवस लाइन दुसरीकडे हलली आणि हेल्परांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

"वाईट वाटलं असेल," मी एकदा म्हटलं होतं.

"वाईट कशाचं, वहिनी. राग आला. तो अजून पुरायला लागलाय, शेड त्याच्यावरच चालू आहे."

आता आमच्या गाडीचं. गाडी जुनी आहे, यांनी नोकरीत असताना घेतलेली. आमचा मुलगा प्रज्वल चाकणलाच एका कंपनीत डिझाइनमध्ये आहे. त्याने उन्हाळ्यात गाडीला नवा एसी बसवला, तेव्हा बॉनेटखाली बॅटरीला जागा उरेना. तशीच कशीबशी कोंबून ठेवली होती. मग त्याने कुठेतरी पाहिलं, की शर्यतीच्या गाड्यांना बॅटरी मागे डिकीत असते. झालं. नवरात्र बसलं त्या रविवारी पार्किंगमध्ये बसून त्याने स्वतःच ती डिकीत नेली आणि तिथून पुढे इंजिनापर्यंत जाड केबल टाकली. हे शेजारी उभे राहून कौतुकाने बघत होते.

पुढे आठ दिवस गाडी चालली. पण सकाळी सुरू होताना खोकायची, कण्हायची. दसऱ्याला दुपारी आम्हाला जेजुरीला निघायचं होतं. नात योगिनी सातव्या महिन्यात जन्मली, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली होती, तेव्हा मी खंडोबाला बोलले होते, की पोर पाच वर्षांची झाली की दसऱ्याला तुझ्या पायावर आणून घालीन. यंदा तिला पाच पूर्ण झाली. म्हणून खंडेनवमीला सकाळी, एखादं कनेक्शन सैल असेल ते आवळून घेऊ, असं म्हणत आम्ही तिघं कस्तुराबाईंच्या शेडवर गेलो.

मिस्त्री कुठायत, हे विचारून झालं. कोंडीरामभाऊंनी त्यांचं ठरलेलं उत्तर दिलं. कस्तुराबाईंनी डिकी उघडली आणि माझी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, जी मी आठवडाभर शोधत होते, ती मला बॅटरीभोवती गुंडाळलेली दिसली.

"ही कुणी बांधली?"

"मीच. टेम्पररी आहे," प्रज्वल म्हणाला.

"पंधरा किलोचा ठोकळा आहे, दादा. जोरात ब्रेक लागला तर हा मागच्या सीटवर येणार. मागं कोण बसतं?"

"माझी नात," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खाली वाकल्या. काळी वायर रंग न खरवडता पत्र्याला आवळली होती, त्यामुळे करंट नीट जात नव्हता, सकाळचं खोकणं त्याचंच. बॅटरीला झाकणाची पेटी नव्हती, तिचा वायू बाहेर सोडणारी नळीही नव्हती. मग त्यांनी विचारलं, "फ्यूज कुठाय?"

"पुढे. बॉनेट उघडलं की समोरच. चेक करायला सोपं."

"बॅटरी मागं, फ्यूज पुढं. मधली चौदा फूट वायर कुणाच्या भरवशावर?"

प्रज्वल हसला. "मावशी, फ्यूज कुठेही लावला तरी करंट तोच असतो. बेसिक आहे हे."

"करंट तोच. पण वायर मधेच घासून पत्र्याला टेकली, तर तो पुढच्या फ्यूजपर्यंत जाईल कशाला? तिथंच उतरंल, वायर पेटंल. आणि बॅटरी मोकळी, तिला अडवायला कुणी न्हाई." मग त्या माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुमच्या गॅसचा रेग्युलेटर कुठं असतो?"

"सिलिंडरवर."

"शेगडीपाशी का नसतो? हाताशी आला असता की."

"मधे नळी फाटली तर मग?"

"तेच मी दादांना सांगायलेय."

"आई, गॅस वेगळा आणि करंट वेगळा," प्रज्वल म्हणाला आणि मोबाइल बघू लागला.

कस्तुराबाईंनी ड्रायव्हरची सीट पुढे सरकवली, खालचं कार्पेट उचललं आणि मला म्हणाल्या, "इकडं या."

आमचे हे उंचीने बेताचे. रोज सकाळी योगिनीला शाळेत सोडायला जाताना सीट अगदी स्टिअरिंगपर्यंत ओढून घेतात. प्रज्वल सहा फुटांचा. दुपारी सेकंड शिफ्टला निघताना तीच सीट पार मागे ढकलतो. बापलेकांचं हे वर्षानुवर्षं चालू आहे, त्यावरून रोज एकमेकांवर करवादतातही. प्रज्वलने केबल नेमकी त्या सीटच्या रुळाखालून नेली होती. सीट पुढे, सीट मागे, आठ दिवस. केबलची काळी साल बोटभर लांबीची खरवडली गेली होती आणि आतलं तांबं घासलेल्या भांड्यासारखं लखलखत होतं. रूळ तिथून केसभर अंतरावर होता. योगिनीचा पाय रोज त्याच जागेवर असतो, मागच्या सीटवरून ती तिथेच बूट आपटत बसते.

हे म्हणाले, "टेप मारली की झालं. उद्या दसरा आहे, बाई."

"व्हय, माझा पण आहे," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी आधी बॅटरीची काळी वायर सोडली, मग लाल. लोखंडी कटर घेतला आणि खरवडलेल्या जागेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, असे दोन घाव घालून केबलच कापून टाकली. "टेप मारून तुम्ही आजच घेऊन गेला असता. आता न्हाई जाणार. नवी केबल आज कुठं मिळायची न्हाई, उद्या माझी शेड बंद. केबल उद्या संध्याकाळी आणून ठेवते, परवा सकाळी आठला मीच येते तुमच्याकडं."

दसऱ्याला त्या पांढरी साडी नेसून विहारात जातात. त्यांच्या वस्तीतल्या सगळ्या बायका जातात, आणि पंगतीच्या स्वयंपाकाचं बघणं कस्तुराबाईंकडे असतं. देवाचं काम म्हणून मी ज्या दिवसासाठी अडून बसले होते, तो दिवस त्यांचाही होता. हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही. खरं सांगते, माझाही तिळपापड झाला होता. पाच वर्षांचं बोललेलं, आणि ही बाई कटर घेऊन बसली. तांबं डोळ्यांनी बघूनही राग आला. कापलेला तुकडा मात्र मी का कोण जाणे, पदराआड घेऊन आले.

गाडी यांनी आणि प्रज्वलने रुपीनगरला घरापर्यंत ढकलत आणली. दसऱ्याला सोसायटीत सगळ्या गाड्यांची एकत्र पूजा असते. बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत रांगेत लागल्या, आमची चौघांनी ढकलत आणून लावली. सोसायटीचे चेअरमन नानासाहेब म्हणालेच, "काय प्रज्वल, चाकणला गाड्या बनवता आणि घरची ढकलता?"

"त्या शेडवाल्या बाईनं वायर कापली, काका. अडाणी आहे. तिला फ्यूज म्हणजे काय ते कळत नाही."

सगळे हसले. हेही हसले. माझ्या हातात हळदकुंकवाचं ताट होतं, ते मी बॉनेटवर ठेवलं.

अडाणी. जिने एकोणीस वर्षं गाड्यांच्या नसा ओढून बघितल्या, ती अडाणी. ज्याने माझ्या धुण्याच्या दोरीने बॅटरी बांधली तो डिझाइनवाला. माझ्या नातीच्या पायाखाली काय पसरलंय, हे ज्याला आठ दिवस दिसलं नाही, त्याने पन्नास माणसांत एका बाईला हसायचं. आणि ती बाई तिथे नाही, विहारात पंगत वाढते आहे, म्हणून हसायचं. मी पूजा उरकली. तोंडातून मंत्र चालले होते, मन काही तिथे नव्हतं. खंडोबाला मनातल्या मनात सांगितलं, की आज आले नाही याचा दोष त्या बाईकडे नाही, तो आमच्या घराकडे आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बरोबर आठला कस्तुराबाई आल्या. केबलचं वेटोळं खांद्यावर, हातात पेटी. बॅटरी झाकणाच्या डब्यात बसवली आणि लोखंडी पट्टीने खालच्या पत्र्याला बोल्टने आवळली. डब्याची नळी खाली भोक पाडून बाहेर काढली. केबल रुळापासून लांब, दाराच्या कडेने नेली, जाड नळीत घालून. जिथे जिथे ती पत्र्यातून जाते तिथे भोकाला रबरी कडं बसवलं. काळ्या वायरीखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. मग प्रत्येक जोड ओढून बघितला आणि त्यावर पिवळा ठिपका दिला. प्रज्वल टॉर्च धरून उभा होता. एकदाच म्हणाला, "एवढं ओढायची गरज नाही."

"कंपनीत पण असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा ओढलं.

शेवटी मी ताट घेऊन खाली गेले. बॉनेटला कुंकू लावलं. डिकीशी आले तसा त्यांनी हात आडवा केला. "इथं नको, वहिनी. कुंकवाचं पाणी आत गेलं तर मलाच यावं लागंल." मग त्यांना काय द्यावं हे मला कळेना. हळदकुंकू त्या घेत नाहीत. ताटातलं झेंडूचं फूल दिलं, ते त्यांनी कानावर खोवलं, पेन्सिल खोवतात तसं.

आम्ही त्याच दिवशी जेजुरीला गेलो. पालखी होऊन गेली होती, पायऱ्यांवर भंडारा पडलेला होता, गर्दी ओसरलेली. देव गडावरच होता. योगिनीला पायावर घातलं. परत येताना ती मागच्या सीटवर बूट आपटत झोपून गेली, आणि मी पूर्ण रस्ताभर खाली बघत होते, तिथे आता नुसतं कार्पेट होतं.

काल संध्याकाळी नानासाहेब घरी आले. त्यांनाही गाडीची बॅटरी डिकीत न्यायची आहे. प्रज्वल सोफ्यावर रेलून सांगू लागला, "काका, मेन पॉइंट म्हणजे फ्यूज. तो बॅटरीपाशीच लागतो. लोक पुढे लावतात, तिथेच चुकतात. मी आमच्या गाडीला बरोबर मागे घेतलाय."

मी स्वयंपाकघरात होते. देवघराच्या खणातून तो तुकडा काढला, बाहेर आले आणि चहाच्या कपांच्या मधोमध टिपॉयवर ठेवला. खरवडलेली बाजू वर करून.

"हे काय?" नानासाहेबांनी विचारलं.

"ही प्रज्वलने टाकलेली केबल. कस्तुराबाईंनी कापली ती. तुमची गाडी त्यांच्याकडे न्या, नानासाहेब. वजनकाट्याच्या पलीकडे शेड आहे. आणि आत गेल्यावर मिस्त्री कुठायत, असं विचारू नका."

प्रज्वल सोफ्यावर सरळ होऊन बसला. हे चहाच्या कपाकडे बघत राहिले. नानासाहेबांनी तुकडा उचलला, तांब्यावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "पत्ता नीट सांगा."

मी सांगितला. तुकडा परत खणात ठेवला आहे.