दुसऱ्या पानावरच्या सहा ओळी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. राणीसावरगावला आमच्या शिवेवर एक विहीर आहे, भरदुपारी तिच्यात कुणी उतरत नाही. अकरावीत असताना मी मुद्दाम बारा वाजता उडी मारली होती. काहीही झालं नाही. त्यामुळे हे लिहिताना सारखं वाटतंय की कुठेतरी माझीच चूक होत असेल… पण वर्ष होत आलं, ती सापडत नाही.

गोष्ट परभणीची. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय अजून व्हायचा होता, आठवड्याला एखादा तरी रास्ता रोको ठरलेला. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची एकच खोली. युनिक्स नावाच्या सिस्टिमवर चालणारी एक मोठी मशीन आणि तिला जोडलेले चार टर्मिनल. चपला बाहेर काढायच्या, दाराशी शिपाई शेखमामा बसलेले. प्रत्येकाला आठवड्यातून फक्त दोन तास मिळायचे. म्हणून आमच्यात एक पद्धत पडली होती — मधेच उठायचं झालं तर लॉगआउट करायचं नाही, चालू टर्मिनल दोस्ताला द्यायचं. वेळ वाया जायला नको.

दत्ता माझा रूम पार्टनर. सोनपेठचा. माझ्यासारखाच, घरातून पहिलाच कॉलेजात आलेला. एका गुरुवारी उठताना तो म्हणाला, "घ्या राजे, अर्धं राज्य तुम्हाला दिलं." मी वीस मिनिटं बसलो आणि भूक लागली म्हणून कॅन्टीनला गेलो. टर्मिनल तसंच चालू ठेवून.

तेवढ्या वेळात कुणीतरी दत्ताच्या नावावरून सगळ्या मशीनचा ताबा घेतला आणि काही मुलांचे प्रॅक्टिकलचे मार्क वाढवले. मशीनच्या नोंदीत नाव आलं दत्ताचं.

प्राचार्यांसमोर दत्ता एवढंच म्हणाला, "मी न्हाई केलं, सर." माझं नाव त्यानं घेतलं नाही. खोलीवर आल्यावर मी म्हणालो, "मी सांगून टाकतो."

"गप बस. तू कशाला मरायलास उगं? पाठक सर करायलेत काहीतरी."

मी गप बसलो. आणि मला बरं वाटलं, हेही लिहितो.

पाठक सर आमचे कॉम्प्युटरचे सर. त्यांना संशय होता की दोष कर्नलमध्येच आहे. कर्नल म्हणजे त्या सगळ्या सिस्टिमचा गाभा — कुणाला काय करू द्यायचं, काय नाही, हे तो ठरवतो. सरांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून पाहिला आणि साध्या विद्यार्थ्याच्या लॉगिनवरून क्षणात मशीनचे मालक झाले. म्हणजे गाभ्यालाच भोक होतं. त्यांनी पुण्याला मशीनच्या कंपनीला पत्र लिहिलं.

उत्तर आलं त्या दिवशी मी सकाळी सातलाच कॉलेजात गेलो होतो, दत्ता तेव्हा झोपलेला होता. अकराच्या टपालानं पत्र आलं. कर्नलमध्ये कोणत्या जागी कोणता आकडा लिहायचा, त्याच्या ओळी. हे काम एकट्यानं करायचं नसतं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाईप करायचं, शेवटी सगळं उलट म्हणून दाखवायचं. एक आकडा चुकला तर मशीन उठत नाही.

दुपारी दोनला प्राचार्यांनी सरांना बोलावलं. "बस इथं, मी आलोच," म्हणून सर गेले. पत्र टेबलावर होतं आणि त्यांच्या लॉगिनवर टर्मिनल चालू. आमची सवय सरांनाही लागली होती.

थोड्या वेळानं दत्ता आला. माझ्या डाव्या हाताच्या स्टुलावर बसला. चौकड्याचा शर्ट, रोजचाच.

"चल, उरकू. भोक बुजवायचंय न्हवं?"

"सर येऊ दे की."

"सरच बोललेत. मी सांगतो, तू मार. तुझं स्पेलिंग लय मार खातंय, आकडे तरी नीट मार."

मी हसलो. तो वाचत गेला आणि मी मारत गेलो. माझी नजर पडद्यावरच होती. सतरा ओळी झाल्या. मग मी म्हणून दाखवलं आणि प्रत्येक ओळीला तो नुसता "हां" म्हणाला. मी मशीन बंद करून परत चालू केली. पडद्यावर अक्षरं यायला लागली तेव्हा डावीकडे वळलो, तर स्टूल रिकामं. पाणी प्यायला गेला असेल, असं वाटलं.

सर आले आणि दारातच थांबले. "काय केलंस हे?"

"दुरुस्ती, सर. दत्तानं वाचलं, मी—"

"दत्तानं? अरे, निकाल लागेपर्यंत त्याला घरी धाडायचा प्राचार्यांचा हुकूम होता, मी स्वतः साडेनऊच्या सोनपेठ गाडीत बसवून आलोय. आणि अकरापासून रास्ता रोको आहे, एक गाडी आत आलेली नाही."

मी टेबलावरचं पान दाखवलं. त्यावर अकराच ओळी होत्या. सरांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं दुसरं पान काढलं. चार वाजेपर्यंत कुणी हात लावू नये, म्हणून ते सोबत नेलं होतं. त्यावर सहा ओळी. सरांनी त्या मशीनमधल्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. सहाही बरोबर.

सरांनी शेखमामांना विचारलं, आत कोण आलं होतं?

"बोलायचा आवाज दोघांचा होता, साहब. पर चपला एकाच्याच होत्या. मला वाटलं, पोरगा अनवाणी आला काय की."

सर खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं. चार वाजता दत्ताच्या चौकशीची समिती येणार होती. समितीसमोर त्या भोकातून आत शिरून दाखवायचं आणि मगच ते बुजवायचं, असा त्यांचा बेत होता. ज्याला असा ताबा मिळतो तो नोंदीत कुणाचंही नाव घालू शकतो, हे एकदा दिसलं की दत्ता सुटला असता. आता भोकच नव्हतं. मी जुन्या कर्नलची प्रत ठेवली नव्हती. मूळ फ्लॉप्यांमधली एक खराब झाल्यामुळे त्या सगळ्या पुण्याला गेलेल्या.

समिती आली. सरांनी तरी प्रोग्रॅम चालवला. परवानगी नाही, एवढंच पडद्यावर आलं. दुसऱ्यांदाही तेच.

"तुम्ही म्हणता ते भोक कुठंय?" प्राचार्य म्हणाले. सरांनी पत्र पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. "कागदावरून आम्हाला काय कळणार, पाठक?" मग ते मागे उभ्या असलेल्या आम्हा मुलांकडे वळले. "त्या गुरुवारी दत्ताच्या टर्मिनलवर दुसरं कुणी बसलं होतं का? माहीत असेल तर आत्ता सांगा."

पाठक सर माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत असावं. मी मान खाली घातली. दत्ताचं नाव कॉलेजातून कमी झालं.

दिवाळीनंतर मी बाजाराच्या दिवशी सोनपेठला गेलो. दत्ता खताच्या दुकानात पोती उतरवायला होता. मला बघून त्यानं चहा मागवला. मी विचारलं, त्या दुपारी तू कुठं होतास?

"घरी. मायसंगं शेंगा फोडायलो होतो. का रं?"

"तू परभणीला आला नव्हतास?"

"येडा झालास काय? गाड्या बंद होत्या की." मग म्हणाला, "प्रॅक्टिकल कसं चाललंय? नवा सिलॅबस लय अवघड हाय म्हणतेत."

चहा संपला, मी गाडीला आलो.

त्या स्टुलावर कोण होतं, न पाहिलेलं पान त्यानं कसं वाचलं, मला सांगता येत नाही. पाठक सरांनाही नाही, आणि ते आता तो विषय काढत नाहीत. पण दुसराच विचार जास्त छळतो. ते भोक बुजलं आणि दत्ताला वाचवायला माझ्या बोलण्याशिवाय काहीच उरलं नाही. हे कुणी मुद्दाम केलं का? मला एक संधी द्यायला? कळत नाही. चारच्या त्या बैठकीत मी खोटं काहीच बोललो नाही… फक्त बोललो नाही.

प्राचार्यांना द्यायचा अर्ज मी तीनदा लिहिला. तिन्ही माझ्या ट्रंकेत आहेत.

हे छापलं तर माझं नाव घालू नये, ही विनंती.